लोकर अंगावर नको, खांद्यावर असू द्या

मुंबईच्या उपनगरात राहून लोकरीचं काय करायचं, हा विणणाऱ्या बायकांचा नेहमीचाच प्रश्न. बोरिवलीला डिसेंबरअखेर चार-सहा सकाळी जरा गारवा पडतो, नॅशनल पार्कच्या बाजूच्या इमारतींतले लोक तेवढ्यात हौसेने शाली काढतात, आणि संक्रांत उलटायच्या आत पंखा परत चारवर जातो. विणलेलं घालणार कोण? नात्यात बाळ जन्माला आलं की टोपरं-मोजे विणायचे, एरवी सुया कपाटात. मुलाला अमेरिकेत पाठवलेला स्वेटर तो घालतो की नाही, हे विचारायचं नसतं.

या अडचणीवर मला पटलेला उपाय म्हणजे आटवलेल्या लोकरीची पर्स. लोकर मुद्दाम मोठी, ढगळ विणायची आणि मग गरम पाणी, साबण आणि घुसळण यांनी ती आटवायची. टाके दिसेनासे होतात, कापड जाड आणि घट्ट होतं, कात्रीने कापलं तरी धागे सुटत नाहीत. अशा कापडाची पिशवी वर्षानुवर्षं टिकते, आणि त्याच्यावर भरतकाम इतकं छान बसतं की रिंगसुद्धा लागत नाही. लोकरीचा स्वेटर नजरचुकीने मशीनमध्ये जाऊन बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तोच प्रकार. फक्त इथे तो ठरवून, मोजून मापून करायचा.

हे परदेशी खूळ आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आपल्याकडे धनगर आणि सनगर मंडळींची घोंगडी सगळ्यांना माहीत असते, पण त्याच लोकरीचं जेन किंवा बुरणूस आता फारसं कोणाच्या पाहण्यात नाही. घोंगडी मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला कडक करतात. जेनाला माग लागत नाही, वीणही नसते. पिंजलेली लोकर थराथराने पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळायची, हातापायांनी दाबत-मळत राहायचं. तंतू एकमेकांत अडकून आपोआप कापड होतं. कच्छमध्ये आणि काश्मीरमध्ये यालाच नमदा म्हणतात. कच्छचे पिंजारा आणि मन्सुरी कारागीर पूर्वी घोड्या-उंटांच्या खोगिराखाली घालायला तो करायचे. घाटकोपर आणि मुलुंडमधल्या कच्छी शेजारणींना विचारा, एखाद्या आजींनी गावाकडे पाहिलेला असतो.

मुलुंडकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चेकनाका ओलांडला की लोकरीचा मोठा इतिहास सुरू होतो. 1925 साली ठाण्यात निघालेली लोकरीची गिरणी पुढे रेमंड म्हणून देशभर गाजली, आणि 2009 मध्ये तिथलं काम थांबलं. लोकरीवर संशोधन करणारी वूल रिसर्च असोसिएशन 1963 पासून आहे, तीही ठाण्यातच, कोलशेत रस्त्याला. थंडी नसलेल्या शहराच्या वेशीवर एवढी लोकर नांदली आणि आपण मात्र दुकानातून अ‍ॅक्रिलिकचे गुंडे आणतो!

आधी लोकर पारखा

नव्वद टक्के काम इथेच बनतं किंवा बिघडतं. उपनगरातल्या दुकानांत 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. रंग सुंदर, भाव परवडणारा, धुवायला सोपं. पण ते आटत नाही. उकळलंत तरी नाही. मेंढीच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात ते उघडतात, घुसळलं की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि परत सुटत नाहीत. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकची तार. तिला खवले कुठले?

अस्सल लोकर घेतली तरी वेष्टनावर 'सुपरवॉश' किंवा 'मशीनमध्ये धुता येईल' असं लिहिलेलं नाही ना, ते बघा. त्या लोकरीचे खवले रसायनाने काढलेले किंवा वरून लेप देऊन बुजवलेले असतात. स्वेटरला ती उत्तम, आपल्याला निरुपयोगी. निम्मी लोकर आणि निम्मं अ‍ॅक्रिलिक असा मेळही नको. तो अर्धवट आटतो आणि पिशवीला मरगळ येते. शुभ्र पांढरी लोकरही कधीकधी नीट आटत नाही, कारण तिचा रंग उडवताना खवल्यांची हानी झालेली असते. पांढरीच हवी असेल तर दुधाळ, नैसर्गिक रंगाची घ्या.

दुकानदार शपथेवर सांगेल, 'ताई, प्युअर वूल आहे.' त्याचा दोष नाही, त्यालाही तसंच सांगितलेलं असतं. वीतभर धागा मागून घ्या आणि घरी मोरीत बसून पेटवा. लोकर सावकाश जळते, काडी दूर नेली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे राहते ती राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक भरभर पेटतं, वितळतं, आणि थंड झालं की टोकाला काळा कडक मणी राहतो. तो मणी गरम असताना बोट लावू नका, चटका बसतो. मेळ असेल तर राखही आणि मणीही, दोन्ही. जास्त खात्री हवी असेल तर थोडा धागा काचेच्या वाटीत कपडे पांढरे करायच्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवा. शुद्ध लोकर त्यात हळूहळू विरघळून जाते. हे करताना खिडकी उघडी ठेवा आणि वाटी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता माझा आग्रह. मेरिनो लोकर मऊ, गोड, आणि महाग. ती गळ्याला लागणाऱ्या मफलरसाठी ठेवा. पर्सला आपली दख्खनी मेंढीची लोकर घ्या. माण, आटपाडी, जत, सांगोला या कोरड्या पट्ट्यातल्या मेंढ्यांची ही लोकर जाडीभरडी, काळी-करडी, टोचरी. तिला आता फारसं गिऱ्हाईक नाही. कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीच्या भावातून सुटत नाही, म्हणून ती माळावरच टाकून देतात. टोचते ही तिच्याविषयीची एकमेव तक्रार. पर्स कुठे अंगाला घासायची आहे? टोचरेपणा इथे गुणच ठरतो, कारण जाड केसामुळे पिशवीला ताठपणा येतो. शिवाय काळा, करडा, तपकिरी हे तिचे जन्मजात रंग, रंग जायची भीतीच नाही.

मिळवायची कुठे? पंढरपूरला घोंगड्यांची दुकानं आहेत, कोल्हापूरजवळ पट्टणकोडोलीला घोंगडी करणारे कारागीर आहेत. वांद्र्याला भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातले बचत गट येतात, तिथे घोंगडी दिसली तर नुसतं घोंगडं पाहून पुढे जाऊ नका, हातकताईचं सूत मिळेल का ते विचारा. सूत जाडबारीक असतं, त्याला मेंढीचा वास असतो, मधेच गवताची काडी निघते. लडी करून कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, न घुसळता दोन-तीन पाण्यांतून काढा, वास बराच जातो. एकट्या दख्खनी सुताने विणताना हात भरून येत असतील तर त्याचा एक पदर आणि साध्या मऊ लोकरीचा एक पदर असे दोन मिळून विणा. मऊ लोकर लवकर आटते आणि जाड केसांना धरून ठेवते. असं दुपदरी विणलंत तर सुई आणखी जाड लागेल आणि खाली दिलेली टाक्यांची संख्या कमी होईल, ते नमुन्यावरून कळेलच.

आणि अगदीच काही मिळालं नाही तर घरातलं कपाट उघडा. आजीने विणलेला, कोणालाच न होणारा अस्सल लोकरीचा स्वेटर निघतोच. तो तसाच आटवा, कापा आणि शिवा. विणायचा ताप वाचतो.

नमुना विणल्याशिवाय पुढे जायचं नाही

प्रत्येक लोकर वेगळी आटते. एकाच दुकानातले दोन रंगही सारखे आटतील याचा भरवसा नाही. म्हणून आधी चौकोन विणायचा. मध्यम जाडीच्या लोकरीला एरवी साडेचार-पाच मिलिमीटरची सुई लागते; इथे साडेसहा मिलिमीटरची घ्या. जुन्या नंबरांत ती 3 नंबरची. आपल्या आयांच्या सुयांवर हेच नंबर असायचे आणि नंबर जितका लहान तितकी सुई जाड. वीण जाळीसारखी सैल दिसली पाहिजे. टाक्यांना हलायला जागा नसेल तर ते आटणार कुठे?

28 टाके घालून एक ओळ सुलट, एक उलट अशा 38 ओळी विणल्या की साधारण 20 बाय 20 सेंटिमीटरचा चौकोन होतो. मोजून ठेवा. मग आटवा, वाळवा आणि परत मोजा. समजा, तो रुंदीला 15 आणि उंचीला 13 झाला. म्हणजे रुंदी पाऊणपट आणि उंची त्याहूनही कमी, पासष्ट टक्के. लोकर सहसा रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटते, हे लक्षात ठेवा. नाहीतर पर्स बसकी होते.

आता हिशेब. तयार पिशवी आडवी पसरली तर 30 सेंटिमीटर रुंद हवी, तर विणताना 30 भागिले 0.75, म्हणजे 40 सेंटिमीटर. 14 टाक्यांना 10 सेंटिमीटर या मापाने 56 टाके. पुढची बाजू 25, तळ 8, मागची बाजू 25, मिळून 58 सेंटिमीटर लांबी. ती भागिले 0.65 म्हणजे जवळपास 89, साधारण 170 ओळी. तुमच्या नमुन्याचे आकडे वेगळे आले तर तुमचेच धरा, माझे सोडून द्या.

पिशवी म्हणजे एक लांब पट्टी. गोल सुई नको, की चार सुयांची कसरत नको. सुरुवातीच्या आणि शेवटच्या चार-चार ओळी नुसत्या सुलट विणा, म्हणजे तोंडाची कड वळणार नाही. मधे रंग बदलायचा तर गाठ मारू नका. दोन्ही टोकं उकलून एकमेकांवर ठेवा, थेंबभर पाणी लावा आणि तळहातांत जोरात घासा. दोन्ही टोकं एकजीव होतात. ती अशी जुळली तर लोकर आटणार याची ही पहिली खूण. (अ‍ॅक्रिलिकला हे जमत नाही. दुकानातच हळूच करून बघायला हरकत नाही.)

पट्टी मधोमध दुमडून दोन्ही बाजू त्याच लोकरीने शिवा. शिवण फार आवळू नका, आटल्यावर ती आपोआप गडप होते. खालचे दोन कोपरे त्रिकोणी दाबून आडवी शिवण घातली की तळ तयार. ही आडवी शिवण पिशवीच्या उंचीच्या दिशेने आटणार, म्हणून ती न आटवलेल्या मापाने साधारण 12 सेंटिमीटर ठेवा. पट्टे वेगळे विणा: 10 टाके, सगळ्या ओळी सुलट, मीटर-सव्वामीटर लांब. जास्त झाले तर आटवल्यावर कात्रीने कापता येतात, कमी पडले तर मात्र काही करता येत नाही. सगळी मिळून 200 ते 250 ग्रॅम लोकर धरून चाला. क्रोशाने करणाऱ्यांनी मुका खांब घालावा, पण त्याची वीण मुळातच जाड, त्यामुळे ती कमी आटते आणि लोकर जास्त खाते.

मशीन, गीझर आणि बर्फ

परदेशी पुस्तकांत पिशवी मशीनमध्ये टाका आणि चहा घ्या, असं लिहिलेलं असतं. ती वरून उघडणारी, मधे दांडा असलेली मशीनं. आपल्याकडच्या नव्या घरांत पुढून उघडणारी मशीनं आहेत, ज्यांचं दार एकदा बंद झालं की सहजी उघडत नाही. पिशवी पाहिजे तेवढी आटली आणि मशीन अजून वीस मिनिटं फिरतंय, अशी पंचाईत. या कामाला राजा म्हणजे जुनं सेमी-ऑटोमॅटिक. जे आपण जागा अडवतं म्हणून विकायला काढतो, तेच. गीझरचं पाणी हवं तसं ओतता येतं, बटण फिरवून केव्हाही थांबवता येतं, झाकण उघडून हात घालता येतो. आपल्याकडे नसेल तर शेजारणीकडे असेल. तिला पर्सही दाखवता येते.

पाणी 50-60 अंशांच्या आसपास, म्हणजे हात बुडवून धरवत नाही इतकं. मशीनच्या पुस्तिकेत गरम पाण्याची मर्यादा दिलेली असते, तिच्या पुढे जाऊ नका. पिशवी आणि पट्टे चेनच्या अभ्र्यात घाला. हे टाळू नका, कारण लोकरीचा भुगा पाइपात अडकला की खालच्या मजल्यावरून फोन येतो. घासायला सोबत एक जुनी जीन्स टाका. टॉवेल नको, त्याचे तंतू पिशवीला चिकटतात ते जन्मभर.

साबण थोडाच. फेस जास्त झाला की लोकर फेसावर तरंगते, घासलीच जात नाही. किसलेला साधा कपड्यांचा साबण चमचाभर पुरे. विक्रोळीच्या गोदरेजचं 'ईझी' इथे वापरू नका. ते लोकर जपायला केलंय आणि आपल्याला तिचा छळ करायचा आहे. पुढे कधी तयार पर्स धुवायची वेळ आली तर तेव्हा ते बाहेर काढा, थंड पाण्यात.

दर पाच मिनिटांनी थांबवून बघा. पहिल्या दहा मिनिटांत काहीच होत नाही, उलट पिशवी ताणून मोठी, लोळागोळा झालेली दिसते. घाबरू नका. मग एकदम पालटते: टाक्यांच्या कडा पुसट होतात, हाताला कापड जाड लागतं, ओली पिशवी उचलली तर लोंबत नाही, उभी राहायला बघते. इथून पुढे दर दोन मिनिटांनी बघायचं. आडवी ओढून पाहा. टाक्यांतून पलीकडचा उजेड दिसत नसेल तर झालं. दख्खनी सुताला जास्त वेळ लागतो, पाणी बदलून दुसरा फेरा द्यावा लागतो. त्याचे काही टोकदार केस शेवटपर्यंत बाहेर राहतात, त्याची तीच शोभा.

गरमातून काढून एकदम गार पाण्यात घातली की लोकर आणखी आवळते. पण एप्रिल-मे महिन्यात आपल्या टाकीतून येणारं पाणी कोमटच असतं. बादलीत फ्रिजचा सगळा बर्फ ओता. मशीन नसेल तर हेच सगळं हाताने, बादलीत कपडे धुवायच्या फळीवर घासून होतं. तासभर लागतो आणि दोन दिवस दंड दुखतात.

ड्रायरमध्ये पिळू नका. घड्या पडतात त्या जात नाहीत. पंच्यात गुंडाळून वर पाय देऊन दाबा. मग ओली असतानाच आकार द्यायचा. तिच्यात बसेल असा खोका हवा, 22 बाय 8 बाय 25 च्या आसपासचा. तसा डबा क्वचितच सापडतो. जुने दिवाळी अंक प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून त्यांची चवड आत घाला. जाडी हवी तशी कमी-जास्त करता येते. कोपरे बोटांनी ओढून टोकदार करा, तोंडाची कड सरळ करा, बाजू आत दाबा. या अर्ध्या तासात जो आकार द्याल तोच कायम राहतो. घाईघाईने दिला तर पर्स कायम रुसल्यासारखी दिसते.

वाळवायला पंख्याखाली, उन्हात नाही. आणि जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. पावसात चार-चार दिवस ओल जात नाही, ओल्या मेंढीचा वास घरभर होतो आणि घरातली माणसं पर्सकडे संशयाने बघायला लागतात. पावसाळा विणायला ठेवा, आटवायचं दसऱ्यानंतर.

टाके

आटवलेल्या लोकरीवर भरताना सुई बोथट नको. टोकदार आणि मोठ्या नेढ्याची हवी. अंगुस्तान घाला. धागा अँकरचा सहाच्या सहा पदरी, किंवा उरलेल्या लोकरीतला एक पदर. बारीक दोन पदरी काम यावर हरवतं. पेन्सिल उमटत नाही, कार्बनही नाही. नक्षी बटर पेपरवर काढा, कागद पिशवीवर टाचा, मुख्य रेषांवर धावदोरा घाला आणि कागद फाडून काढा. साध्या रेघा असतील तर शिंप्याचा खडू किंवा साबणाची वाळलेली चकती पुरते. सुई प्रत्येक वेळी कापडाच्या आरपार न्यायची गरज नाही, जाडीच्या आतूनच फिरवता येते. मागची बाजू स्वच्छ राहते.

काय भरायचं? काळ्या-करड्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने वारली काढायचा मोह सगळ्यांना होतो. दिसतं छानच. पण तारप्याचा नाच आता मगवर, छत्रीवर, विमानतळाच्या भिंतीवर, सगळीकडे आहे. बोरिवलीच्या उद्यानात आणि आरेत वारली पाडे खरोखर आहेत, तिथल्या बायकांनी लग्नघरात काढलेला चौक ही पूजेची गोष्ट आहे. ती पर्सवर येऊ नये असं मला वाटतं. झाड, मोर, माणसं काढा, देवचौक सोडा.

मी सुचवेन बहावा. एप्रिल-मेमध्ये आपल्या रस्त्यांवर पिवळेधमक झुंबर लटकतात ते. काळ्या लोकरीवर पिवळा जसा उठतो तसा दुसरा रंग उठत नाही. घोस तोंडाच्या कडेपासून खाली सोडायचा. आधी हिरव्या धाग्याने देठाच्या टाक्यात एक लोंबती, किंचित वळलेली रेघ. बहाव्याची फुलं घोसात वरून खाली उमलत येतात, म्हणून वर पूर्ण फुलं आणि खाली कळ्या. उलटं काढलंत तर झाड ओळखणारा माणूस लगेच हसेल. फुलाला पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळी एक लेझी डेझी टाका, जरा फुगीर, आवळायची नाही. मधून पिवळ्याच्या गडद छटेत तीन लांब वाकडे टाके, ते पुंकेसर. खाली येताना फुलं लहान करत न्या, मग तीन पाकळ्यांची, मग नुसते गाठीचे टाके, सुईला तीन वेढे, मग दोन, शेवटी एक. प्रत्येक कळीला हिरवा बारीक देठ द्यायला विसरू नका. तो नसला की कळ्या हवेत उडणाऱ्या मण्यांसारख्या दिसतात. असे लहानमोठे तीन घोस, एका बाजूला. मधोमध एकच घोस काढू नका, पिशवीला टाय बांधल्यासारखं दिसतं.

आरसे लावायचे असतील तर कच्छी पद्धत शेजारणीकडून शिका. आधी आरशावरून आडवे-उभे धागे ओढून चौकट, मग तिला धरून भोवती काजटाका. पाहून दहा मिनिटांत येते, वाचून येत नाही. कवड्या, मणी, लाकडी बटणं भुलेश्वरला हवी तेवढी. पण मणी रेशमी किंवा सुती दोऱ्याने नको, दुहेरी पॉलिस्टरच्या दोऱ्याने ओवा आणि दर तिसऱ्या मण्याला गाठ मारा. लोकलच्या दारात एका मण्याचा दोरा तुटला तर सगळेच सांडतील. आटवण्याआधी काही लावू नका. आरसे फुटतात, मणी मशीनमध्ये अडकतात.

अस्तर, चेन, पट्टे

अस्तराशिवाय पर्स वापरू नका. किल्ल्या आणि छत्रीचं टोक लोकरीला ओढून ताणतात. सुती पॉपलीन चालतं, पण गुळेदगुड्डचा खण घातला तर पर्स उघडताना मजा येते. तळाला जुन्या प्लॅस्टिक फाइलचा तुकडा, खण आणि लोकर यांच्या मधे. चुंबकाचं बटण दिसायला नेटकं, पण अंधेरीला संध्याकाळी गाडी बदलणाऱ्या बाईला चेनच हवी. चेन अस्तराला मशीनवर शिवून घ्या, मग अस्तर हाताने तोंडाच्या कडेला आतून शिवा.

लोकरीचे पट्टे वजनाने लांबत जातात. त्यांना आतून सुती निवार पट्टी लावा आणि दोन्ही एकत्र शिवा. पट्टे पिशवीला जोडताना आतून कॅनव्हासचा चौकोनी तुकडा ठेवून चौकटीत आणि मधे फुली, अशी टीप मारा. घरच्या मशीनच्या सुईला ही जाडी झेपत नाही. स्टेशनबाहेर चपला-बॅगा दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्याकडे जाड सुई आणि मेणाचा दोरा असतो. पाच मिनिटांचं काम. चामड्याचे पट्टे हवे असतील तर तेही तेच लावून देतात.

तयार पर्स रोज वापरा. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल ओली न वाटता शोषते, त्यामुळे अचानक आलेली सर तिला काही करत नाही. जुलैच्या पावसात मात्र बाहेर काढू नका. धूळ बसली तर ब्रश मारा. डाग पडला तर गार पाण्याने टिपून घ्या, चोळू नका. चोळलंत की तेवढीच जागा आणखी आटते.

पावसाळ्यात ठेवून द्यायची वेळ आली की पहिला शत्रू कसर. तिच्या अळ्या लोकरच खातात आणि मळलेली लोकर त्यांना जास्त आवडते. ठेवण्याआधी पर्स रिकामी करून झटका, उन्हाला दोन तास दाखवा, आतून चिक्की-बिस्किटांचा भुगा काढा. सुती पिशवीत घालून डांबराच्या गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा, लोकरीला चिकटून नको. कुठे बारीक भोक किंवा जाळी दिसली तर पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर पाणी सुटतं. भोक पडलंच असेल तर त्यावर आणखी एक बहाव्याची कळी भरा.